चेहरा झाकला, गिरणी दिसली

माझ्या बापाचा उजवा हात कारखान्यात गेला तेव्हा मी शाळेत होते. बाप पक्का कामगार नव्हता, ठेकेदाराचा माणूस होता. दारूगोळा भरायच्या शेडमध्ये स्फोट झाला. सोबतचे जागच्या जागी गेले, बाप हात गमावून वाचला. वॉर्डात त्याच्या पट्टीतून रक्त पाझरत होतं आणि खाटेपाशी एक दलाल येऊन बसला. कुठल्याशा वकिलाचा माणूस. ‘भरपाई मिळवून देतो काकी, बस इथे काकांचा अंगठा लावून द्या,’ तो आईला म्हणाला. बाप गुंगीत होता. दलालानं त्याचा डावा अंगठा धरून शाईत दाबला. तो वकील आम्ही कधीच पाहिला नाही. भरपाई कोणाच्या घशात गेली तेही कळलं नाही.

घरी आल्यावर बाप आईला मारू लागला. एक हात गेला होता, पण मारायला एक पुरतो. जबलपूरच्या घमापुरातली आमची खोली इतकी लहान की पळायला जागा नसायची, मी आणि भाऊ खाटेखाली शिरायचो आणि आईचे पाय तेवढे दिसायचे. दिवसभर लोकांची भांडी घासून यायची आणि मार खायची. एकदा त्यानं तिचं डोकं भिंतीवर आपटलं. तिनं चुलीपाशी पडलेली लोखंडी फुंकणी उचलली आणि त्याच्या उरलेल्या हातावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. मग हाड जुळेपर्यंत तिनंच त्याला घास भरवले. दर घासाला विचारायची, ‘अजून मारशील?’ बाप खाली मान घालून चावत राहायचा. त्यानंतर त्यानं तिला हात लावला नाही.

हे लिहायला मला लाज वाटत नाही. याच खोलीतून मी बी.ए. केलं, मग एलएल.बी. बापाकडून आणि आईकडून, दोन्हीकडून कॉलेजात गेलेली मीच पहिली. काळा कोट घालून पहिल्यांदा घरी आले तर आई गल्लीत उभी राहून सांगत होती, ‘आता कोणी अंगठा मागायला येऊन तर पाहा!’

ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले ते सीनियर जबलपूरच्या जुन्या मराठी घराण्यातले. बोलणं शुद्ध, चहा कपबशीत. पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘तुमच्याकडे तू पहिलीच ना वकील?’

‘हो सर. शेवटची नाही.’

ते हसले. माणूस हुशार होता, कोर्टात त्यांची उलटतपासणी ऐकायला लोक थांबायचे. पण शहरात नवे वकील आले, मोबाइलवर दिसू लागले, ‘एक फोन, घटस्फोट पक्का’ अशा रील येऊ लागल्या आणि सीनियरच्या चेंबरमधली बाकं रिकामी पडू लागली. मग त्यांनीही एक पेज सुरू केलं. वकिलानं जाहिरात करायची नाही, हा नियम त्यांनीच मला शिकवला होता. मी आठवण दिली तर म्हणाले, ‘जाहिरात कुठे आहे ही? माझं नाव नाही, नंबर नाही. जनजागृती आहे.’ व्हिडिओच्या शेवटी मात्र असायचं, मदत हवी असेल तर कमेंटमध्ये नंबर लिहा. लिहिलं की चेंबरमधून फोन जायचा.

त्याच सुमारास आमच्याकडे एक बाई आली. माझ्याच वयाची. नवऱ्यानं कानफटात मारून मारून तिचा एक कान बहिरा केला होता, पाठीवर इस्त्रीचा डाग होता. सासरच्यांना न सांगता ती शहरातच, अधारतालला मावशीकडे लपली होती. मावशीचं खाली फॉल-पिकोचं दुकान, वर खोली. तो पत्ता आम्ही कागदावर कुठेच येऊ दिला नव्हता. कोर्टाकडे तशी परवानगी मागितली होती. नवरा तिला शोधत होता आणि सापडली तर जिवंत सोडणार नाही, असं त्यानं तिच्या भावाला तोंडावर सांगितलं होतं.

मी हायकोर्टात एका कामात अडकले होते, त्या दिवशी सीनियर कॅमेरावाल्याला घेऊन तिच्या खोलीवर गेले. चेंबरमध्ये व्हिडिओ कोरडा वाटतो, घरचा माहोल पाहिजे, असं कॅमेरावाल्याचं म्हणणं. बाई बोलली, रडली, पाठ दाखवली. तिचा चेहरा धूसर केला. आपण फार काळजी घेतली, असं सीनियरना खरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये एका मैत्रिणीनं मला तो व्हिडिओ दाखवला. चेहरा धूसर होता. मागची खिडकी मात्र स्पष्ट होती आणि खिडकीतून समोरच्या गिरणीची पाटी दिसत होती, अर्धी. खाली कोणीतरी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, ‘अरे यह तो अपनी वाली चक्की है, अधारताल!’ आणि त्याखाली आमच्या पेजचं उत्तर, जोडलेल्या हातांच्या चिन्हासकट, ‘सही पहचाना।’

कमेंटला उत्तर दिलं की व्हिडिओ अजून पुढे जातो, हे सीनियरना कॅमेरावाल्यानं शिकवलं होतं.

मी फोन लावला. ‘सर, व्हिडिओ काढून टाका. आत्ता.’

‘अगं, आत्ता कुठे धावायला लागलाय. संध्याकाळी बघू.’

‘गिरणी दिसते त्यात, सर. तो तिला मारून टाकेल.’

‘तू फार पिक्चर बघतेस.’ फोन ठेवला.

बाई फोन उचलेना. खाली मावशीची शिलाई मशीन चालू असली की एका कानानं तिला काही ऐकू यायचं नाही. पोलिसांना कळवून मी स्कूटी काढली.

पोचले तेव्हा नवरा आणि त्याचा भाऊ तिला केसांना धरून जिन्यावरून खाली ओढत होते. तिचं डोकं पायरीपायरीवर आपटत होतं. नवरा ओरडत होता, ‘वीडियो बनाएगी? पूरे शहर को पीठ दिखाएगी?’ मावशी हातात कापड कापायची कात्री घेऊन त्याच्या दंडावर भोसकत होती आणि तो तिला लाथेनं उडवत होता. मी मध्ये पडले. वकील आहे म्हणून ओरडले, जणू त्यानं काही फरक पडणार होता. भावाच्या हातात लोखंडी रॉड होता. तो माझ्या खांद्यावर बसला आणि हात एकदम माझा राहिलाच नाही. मी दुसऱ्या हातानं बाईच्या कमरेला मिठी मारली. सोडली असती तर ते तिला गाडीत घालून नेणार होते, एवढं कळत होतं.

गिरणीवाल्याकडे तेव्हा मिरची दळणं चालू होतं. तो धावत आला आणि त्यानं सूपभर तिखट नवऱ्याच्या तोंडावर फेकलं. दुसरं सूप भावावर. आमच्याही डोळ्यांत गेलं. सगळेच किंचाळत होते. मग गल्लीतल्या बायका तुटून पडल्या. ‘अब मार! अब मार ना!’ असं म्हणत एक म्हातारी नवऱ्याला चपलेनं हाणत होती, थांबेचना. पोलीस आले तेव्हा त्यांना आधी त्या दोघांना बायकांपासून सोडवावं लागलं.

बाईच्या डोक्याची कवटी तडकली होती. माझ्या खांद्याचं हाड तुटलं.

सीनियर वॉर्डात आले ते सफरचंदं घेऊन, कॅमेरावाल्यासह. माझ्या खाटेशी बसून हळूच म्हणाले, ‘व्हिडिओ काढून टाकलाय मी. पण आता लोक विचारतायत, पुढे काय झालं. ती जरा बरी झाली की दुसरा भाग करू. तुझाही फायदा आहे यात.’

माझी आई उशाशी होती. तिनं सीनियरकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे. ‘साहेब, काहून करून राहिले हे? तिचं रक्त तं सुकू द्या.’

कॅमेरावाला दाराशी फोन धरून उभाच होता. मी चांगल्या हातानं स्टीलचा तांब्या उचलून फेकला. फोनवर लागला, फोन फरशीवर पडला, काच फुटली. नेम चांगला आहे माझा.

हात गळ्यात बांधलेला असतानाच मी बार कौन्सिलकडे सीनियरविरुद्ध तक्रार केली. ‘सही पहचाना’चा फोटो माझ्याकडे होताच. कोर्टकचेरीत लोक बोलायचे ते मला ऐकू जाईल असंच बोलायचे. ‘ज्या फांदीवर बसली तीच तोडून राहिली.’ ‘मैडम को रातोंरात बड़ा वकील बनना है।’ एकानं तर माझ्या टेबलावर थुंकून ठेवलं. ते मी त्याच्याच फाइलनं पुसलं.

मला कोणी विचारलं, वकिलानं मोबाइलवर दिसूच नये का, तर मी तसं म्हणत नाही. आमच्या घरी वकील शोधायचा कसा हेच कोणाला माहीत नव्हतं, म्हणून तर दलालाचं फावलं. नाव, पत्ता, फोन, शिक्षण, कोणत्या प्रकारची कामं करतो, एवढं साइटवर टाकायला नियमाचीही हरकत नाही. गरिबाला ते सापडलंच पाहिजे. पण अशिलाची जखम ही वकिलाची पाटी नाही. तिचं रडणं तिचं आहे. ते दाखवून दुसरं अशील ओढायचं, हे मला दलालीच वाटतं, मग हात कितीही जोडलेले असोत.

बार कौन्सिलच्या शिस्त समितीपुढे सुनावणी झाली, तिथे सीनियरच्या वकिलाचा एकच मुद्दा होता. बाईनं परवानगी दिली होती. तिला साक्षीला उभं केलं.

‘जरा मोठ्यानं विचारा, या कानानं ऐकू येत नाही,’ ती म्हणाली.

त्यानं पुन्हा विचारलं. ‘तुम्ही हो म्हणाला होतात की नाही?’

‘म्हणाले. डॉक्टर म्हणतो पाठ दाखव, दाखवतो माणूस. वकीलसाहेब म्हणाले कॅमेऱ्यापुढे बोल, मी बोलले. मला वाटलं, केसला लागत असेल. डॉक्टर तो फोटो चौकात लावत नाही ना, भैया?’

समितीतले एक वयस्क वकील चष्मा काढून पुसत बसले. सीनियर माझ्याकडे पाहत होते. मला त्यांची कीव आली नाही. ज्यांनी मला नियम शिकवला त्यांना तो माझ्याकडून ऐकावा लागला, याचा मला अभिमान वाटला आणि अजूनही वाटतो.

वर्षभरासाठी सीनियरची सनद थांबवली. ते पेज बंद झालं. नवरा आणि त्याचा भाऊ खुनाच्या प्रयत्नासाठी शिक्षा भोगत आहेत. बाईला घटस्फोट मिळाला, ती जिवंत आहे आणि मावशीच्या दुकानात दुसरी मशीन तिची आहे. घमापुरात माझं स्वतःचं ऑफिस आहे, आणि तिथे येणाऱ्या कोणत्याही अशिलाचा चेहरा, आवाज किंवा पत्ता माझ्याकडून आजवर बाहेर गेलेला नाही.