शेंडीवाले सूर

माझ्या आईने आयुष्यात एकच चाल बांधली आणि तिची मी एकट्याने, कुणाचीही मदत न घेता, वाट लावली.

ही चाल तिने मला शाळेसाठी उठवायला बांधली होती. (साध्या हाकेला मी दाद देत नसे!) स्वयंपाकघरातून ती गात यायची आणि चाल तारसप्तकातल्या सा वर पोचेपर्यंत माझं पांघरूण गेलेलं असायचं. घराबाहेर ती कुणीच ऐकली नव्हती.

२०१४-१५ च्या सुमाराला आई आमच्याकडे सिंगापूरला आली. आम्ही तेव्हा बुकित तिमाहला भाड्याच्या कॉन्डोत राहत होतो. (आता विमान म्हटलं की ती गुडघे दाखवते, म्हणून ते दिवस फार आठवतात.) तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आमच्या लेकीने, इराने व्हायोलिनवर आणि शेजारच्या कबीरने चेलोवर, म्हणजे व्हायोलिनच्या खर्जातल्या थोरल्या भावावर, आजीची चाल वाजवायची, असं ठरलं. आईने फोन करून अख्ख्या पुण्याला कळवलं!

अडचण एकच होती. आई सांगणार सा रे ग मध्ये आणि मुलं वाचणार पाच रेघांवरचे गोळे.

"इराच्या व्हायोलिन टीचरला विचार ना," मधुरा म्हणाली. मधुरा म्हणजे माझी बायको. ती ऑडिटर आहे, त्यामुळे तिचा कुणावरच विश्वास नसतो.

"टीचर कशाला? एक सॉफ्टवेअर आहे. साधी टेक्स्ट फाइल लिहायची! सा म्हणजे सी, रे म्हणजे डी. रन केलं की छापील नोटेशन हातात. अगं, मी दिवसभर हेच तर करतो!"

आई सांगायला बसली आणि मी टाइप करायला.

"हा सा तारेतला बरं का. डोक्यावर टिंब दे."

आपल्याकडे वरच्या सप्तकातल्या प्रत्येक सुराच्या डोक्यावर टिंब असतं. या सॉफ्टवेअरमध्ये टिंबाऐवजी अक्षरामागे एक शेंडी, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, काढायची, की सूर सप्तकभर वर. एवढं मी वाचलं होतं. (पुढचं वाचलं असतं, तर आज हे लिहायला काही उरलं नसतं.) वरच्या प्रत्येक सुराला मी इमानाने शेंडी दिली. "शेवटचा सा ठासून हं!" आई म्हणाली, म्हणून त्याला दोन दिल्या.

कागद देखणा आला. गोळे रेघा सोडून वर वर चढत गेले होते. मला त्यातलं ओ की ठो कळत नसल्यामुळे ते फारच भारदस्त वाटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये तालीम होती. पहिली ओळ छान झाली. आईने पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या ओळीत इराची बोटं सरकत सरकत तिच्या नाकापाशी आली आणि व्हायोलिनमधून खार ओरडल्यासारखा आवाज निघाला!

"अंकल, नो मोर स्ट्रिंग ऑलरेडी!" कबीरने हात टेकले.

"इरा, असं काय वाजवतेस?"

"बाबा, यू राइट लाइक धिस वन! कॅनॉट प्ले, ला!" (सिंगापुरी इंग्रजीत वाक्याला अशी 'ला'ची शेपटी लागते.)

"अरे, माझी चाल कुठे गेली?" आईने विचारलं. तिचा उतरलेला चेहरा मला बघवेना.

सूर खाली आणायला स्वल्पविराम असतो. मी शेंड्यांच्या जागी सरसकट स्वल्पविराम टाकले आणि नवा कागद काढला. आता चाल तळघरात गेली. चेलो दोनदा घोरला आणि गप्प झाला!

मधुराने शांतपणे लॅपटॉप ओढून घेतला आणि सूचना वाचल्या. (हा मार्ग मला सुचलाच नव्हता.)

"अरे, इथे शेंडी आधीच्या सुरापासून मोजतात! एकदा वर गेलास की वरच राहतोस. तू दर सुराला आणखी एक मजला चढवतोयस!"

मी घाईघाईने जुनी फाइल उघडली आणि शेंड्या छाटत सुटलो. मुलं पुन्हा वाजवू लागली आणि चाल आली! आई मान डोलवू लागली. तेवढ्यात दार उघडून फुगे घेतलेलं एक कुटुंब आत आलं. "सॉरी आ, अवर स्लॉट ऑलरेडी." सिंगापुरात बुकिंग म्हणजे बुकिंग. आम्ही गाशा गुंडाळला.

"बाबा, लास्ट लाइन?"

"एकच ओळ राहिलीये. होईल गं!"

संध्याकाळी हॉल भरला होता. आई पहिल्या रांगेत रुमाल मुठीत धरून ताठ बसली होती. चाल सुरू झाली आणि मला आमचं स्वयंपाकघर दिसलं, पोह्यांच्या फोडणीचा वास आला. माझे डोळे भरून आले. आणि तेव्हाच मला आठवलं, की शेवटच्या सा च्या शेंड्या छाटल्याचं काही मला आठवत नाही!

इरा आज्ञाधारक मुलगी. बोट नाकापाशी नेऊन तिने कागदावर होतं तेच वाजवलं.

"किंऽऽऽऽ!"

एक तान्हं बाळ रडायला लागलं. मागच्या एका आजोबांनी कानातलं मशीन काढून हातावर आपटलं. मी खुर्चीत जमेल तेवढा खाली सरकलो.

आई उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. मग सगळा हॉलच वाजवू लागला. लोक येऊन तिच्या पाया पडले. "काकू, काय चाल आहे! आणि शेवट तर एकदम मॉडर्न!"

"चाल माझीच हो," आई प्रत्येकाला माझ्याकडे बोट दाखवून कौतुकाने सांगत होती, "शेवटची किंचाळी तेवढी आमच्या चिरंजीवांची!"