उंटाच्या भावकीतला

प्राणिसंग्रहालयात नातीने पाटी वाचली, "आजोबा, हा लामा. उंटाच्या भावकीतला."

"काहीतरीच. पाठीला कुबड नाही, अंगाला मेंढीसारखी लोकर, राहतो थंड डोंगरात. हा उंटाचा कोण लागतो?"

एवढ्यात लामा बसला. आधी पुढचे गुडघे मोडले, मग मागचे. अगदी उंट बसतो तसा. मी पाटी पुन्हा वाचली.

धाकट्या भावाशी भांडलो, तेव्हापासून बारा वर्षं मी सांगत आलो, तो माझा कोणी नाही. तो गेला. दहाव्याला गुडघ्यावर हात टेकून, कण्हत मी त्याच्या ओट्यावर बसलो. त्याची बायको बघतच राहिली. म्हणाली, "दादा, हेही असंच बसायचे."

नात म्हणाली, "दमलात ना? बसा की बाकावर."

मी उभाच राहिलो.