ठकठकीसकट

पॉडकास्ट हा शब्द मी फार उशिरा ऐकला. पण तसलं काहीतरी काढायला निघालेली बाई मी नव्वदच्या दशकातच पाहिली होती.

कोल्हापुरात माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. हुपरीच्या एसटीनं त्या आल्या. घरी चांदीचे पैंजण घडवायचं काम, बोटांची टोकं काळवंडलेली. गल्लीतल्या बायकांसाठी दर आठवड्याला त्यांना गप्पांची कॅसेट काढायची होती. कुणाचं लग्न ठरलं, कुठल्या डॉक्टरचा गुण येतो, असलं सगळं.

"काम करता करता टीव्ही बघाय गेलं की जाळावर बोट भाजतंय. कान तेवढं मोकळं असत्यात," त्या म्हणाल्या.

त्यांनी घरून भरून आणलेली कॅसेट मी लावली. बोलण्यामागं हातोडीची एकसारखी ठकठक. मी वैतागून म्हटलं, "काम थांबवून, दार लावून परत भरा. हे कोण ऐकणार?"

"पयल्यांदा तसंच केलतं की, पावणं! घरातल्या सगळ्यांस्नी हातोड्या खाली ठिवाय लावल्या. आमच्यात ठकठक थांबली म्हंजे कोण तरी गेलं. निम्मी गल्ली पदर डोळ्याला लावून दारात! ती रडारडच भरली सगळी."

मी कॉप्या काढायला घेतल्या. त्या काउंटरवर बोटं आपटत स्वतःचाच आवाज ऐकत होत्या. कॅसेटच्या सुरुवातीला नुसतीच ठकठक होती, मग त्यांचा खणखणीत आवाज:

"बायांनो, ऐकू येतंय न्हवं? म्हंजे आमच्यात सगळी हायत. आता बोलूया."