फोडेकाकांचा नारळ

आमच्या कारखान्यात सगळे वस्तू बनवण्याचा पगार घेत, फोडेकाका तेवढे फोडण्याचा. त्यांचं खरं आडनाव बहुधा पगारपत्रकालाच ठाऊक असावं. ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही समुद्रातले होज बनवायचो. तेलाचं जहाज खोल पाण्यात उभं राहतं; त्याच्या पोटातलं तेल ओढून नेणारे हे पोलादी तारा गुंफलेले रबराचे पाइप, माणूस आत रांगत जाईल एवढे रुंद. मी लॅबमध्ये रबराचे तुकडे ताणून बघायचे, काका आख्खा होज.

होजमध्ये पाणी भरून ते दाब वाढवत नेत आणि शिवणीशिवणीवरून हात फिरवत. पास झालेल्याचं कौतुक या गृहस्थाने कधी केलं नाही. "आज फुटलो नाय, इतक्याच म्हण," एवढंच. दर लॉटमधला एक होज मुद्दाम फुटेपर्यंत दाबायचा असे. त्या दिवशी मात्र स्वारी इस्त्रीचा शर्ट घालून येई. धडाम आवाज झाला की शेजारच्या बिस्किट कारखान्यावरची कबुतरं उडत आणि काका सगळ्यांसाठी वडे मागवत.

"काका, किती छळता हो त्या होजला!" मी एकदा म्हटलं.

"माझो धाकटो भाव बंदरात लाँचीवर आसा गो. होज जहाजाक जोडतत, तेवा बाबल तेच्या खालीच उभो आसता. हय छळूक नको, तर खय?"

त्यानंतर मी त्यांना चिडवणं सोडलं नाही, पण जरा जपून चिडवू लागले.

सगळ्या परीक्षा पास झाल्या की होजवर नारळ फोडून मग तो ट्रकवर चढवायचा, ही आमच्याकडची रीत. आधी नाही. पण बाबलच्याच बंदराची पहिली मोठी ऑर्डर होती, ट्रक फाटकात खोळंबला होता आणि शेठना मुहूर्त साधायचा होता. काका एक परीक्षा बाकी ठेवून जेवायला गेले असताना पोरांनी हळदकुंकू लावून शेवटच्या होजवर नारळ फोडून टाकला.

काका परतले, करवंटी पाहिली आणि दिवा घेऊन आले. होजच्या दोन्ही तोंडांना पारदर्शक झाकणं लावली, आत उजेड सोडला आणि पंपाने हवा ओढून घेतली. आतलं अस्तर नीट चिकटलेलं नसेल तर अशा वेळी सुटून वर येतं. मीही डोळा लावला. आत पुरीएवढा फुगा आला होता.

नापास होज कापायचाच, म्हणजे तो चुकूनही बाहेर जात नाही. पण करवतीला कुणी हात लावेना. पोरं बहुतेक कोकणातली. "नारळ फोडलाय ना काका, देवाला वाहिलेला कसा कापायचा?" शेठना तेवढंच हवं होतं. "मग जाऊ द्या ना यार, फुगा केवढासा!"

काका स्वतः देवभोळे. गावच्या देवाचं नाव घेतल्याशिवाय पंपाला हात लावत नसत. ते करवंटीकडे बघत राहिले, आणि मला खरोखर भीती वाटली की हा होज आता जाणार. मग त्यांनी चपला काढल्या, होजसमोर हात जोडले आणि कोकणातल्या रीतीने देवाला गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या पोरांनी चुकान नारळ आधी फोडलो, ती चूक पोटात घाल. ह्यो होज आमी हयच कापतंव. दर्यावर कोणाच्या केसाक पण धक्को लागूक देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरं सवयीने ओरडली. एकदा व्हय म्हटल्यावर मागे कसं फिरणार? करवत चालली. ऑर्डर उशिरा गेली आणि शेठ बरेच दिवस काकांशी बोलले नाहीत.

काका निवृत्त झाले त्या दिवशी बाबल आला होता, उन्हाने रापलेला, अबोल. पोरांनी त्यालाच गाऱ्हाणं घालायला उभं केलं.

"बा देवा म्हाराजा," तो अडखळत म्हणाला, "ह्या माझ्या दादान माका इतकी वर्सां सुखरूप घराक आणल्यान. आता तेका तू सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेठसुद्धा ओरडले.

नारळ काकांच्या हातात दिला. त्यांनी तो आपटला, पुन्हा आपटला. जन्मभर पोलादी तारांचे होज फोडलेल्या त्या हातांनी नारळ काही फुटेना. शेवटी बाबलने त्यांच्या हातावर हात ठेवला, तेव्हा फुटला.