गिऱ्हाइकासमोर उघडलेला टीव्ही

टीव्ही चालू होत नाही म्हणून जो आणतो, तो आधी त्याचं कौतुक करतो. कालपर्यंत चांगला होता, इतक्या वर्षांत कधी खोलला नाही, चित्र एकदम स्वच्छ. मग म्हणतो, सकाळी बटण दाबलं तर काहीच नाही. कोपरखैरण्याला बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही दुकान काढलं, तेव्हापासून मी हे ऐकत आले. नव्वद सालानंतरची माझी बरीच वर्षं असल्या बंद डब्यांत गेली. एकेक डबा उचलायला दोन माणसं. सगळं वजन पुढे काचेत, मागे पोकळी आणि धूळ. नीट धरला नाही तर तोंडावर पडतो. माझी कंबर त्यातच गेली.

नवरा आधी तुर्भ्याच्या एका कारखान्यात होता. तो बंद पडल्यावर त्याने टीव्हीचं काम शिकून घेतलं. चांगलं शिकला. दुसऱ्यांनी हात टेकलेले टीव्ही तो चालू करायचा. मग त्याचा उजवा हात हलायला लागला. आधी अंगठा, मग सगळा पंजा. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि सांगितलं, हे आता असंच राहणार. ज्याला चहाचा कप धरता येत नाही, तो ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेवर कथील कसं लावणार?

म्हणून ते मी लावायला लागले. मी चौथी शिकलेली. पण टीव्हीच्या आतल्या भागांवर रंगाचे पट्टे असतात, आणि रंग ओळखायला शाळा लागत नाही. तो काडीने दाखवायचा, मी तापलेली सळई टेकवायची. गिऱ्हाइकासमोर तोच टीव्ही खोलायचा, तपासायचा आणि सांगायचा, "पार्ट आणावा लागेल, उद्या या." बहुतेकांना कामावर जायचं असायचं, ते जायचे. मग आतली, पार्ट जोडलेली पाटी सुटी करून आम्ही स्वयंपाकघरात ओट्यावर आणायचो आणि भांडी बाजूला सारून काम करायचो. दीड वर्ष कोणाला कळलं नाही. कळू द्यायचं नाही, हे त्याचं म्हणणं. "मेकॅनिक मी आहे," एवढंच तो म्हणायचा. मी वाद घातला नाही. मला तेवढं त्राण नव्हतं.

जवळच्या गावठाणात एक मावशी होती. शेती सरकारने शहरासाठी घेतली, बदल्यात मिळालेल्या जागेवर तिने खोल्या बांधल्या आणि भाड्याने दिल्या. तिच्या सगळ्या भाडेकरूंचे टीव्ही आमच्याकडे यायचे, कारण ती सांगायची म्हणून. तिचं आमच्याशी बिनसलं असतं तर आमचं अर्धं काम गेलं असतं.

एका दुपारी तिचा स्वतःचा रंगीत टीव्ही बंद पडला. दोन भाडेकरूंनी तो उचलून आणला, टेबलावर ठेवला आणि ते गेले. मावशी गेली नाही. स्टूल ओढून बसली.

नवऱ्याने मागचं झाकण काढलं, ब्रशने धूळ आणि झुरळांची घाण झाडली. आमच्याकडे टीव्ही थेट विजेला लावत नसत. मध्ये एक साधा बल्ब जोडायचा. आत काही जळालेलं असेल तर बल्ब भगभगून पेटतो, मग टीव्ही वाचतो. मावशीच्या टीव्हीला बल्ब पेटलाच नाही. म्हणजे वीज आत जातच नव्हती. नवऱ्याने पाटी उलटी करून उजेडात धरली. एका पार्टच्या पायाभोवतीचं कथील फाटलं होतं, केसाएवढी गोल भेग. पाच मिनिटांचं काम.

तो म्हणाला, "मावशी, पार्ट आणावा लागेल. उद्या या."

"कशाला उद्या? मी आथंच बसनार हाय," ती म्हणाली. "मागचे टायमाला एक मेस्तरी असाच बोलला, उद्या ये. ना आतला चांगला सामान काढून जुना घातला. आता माझे डोल्यासमोर कर."

"वेळ लागेल."

"लागू दे. घरी सून हाय जेवन करायला."

मी आत कणीक मळत होते. ऐकलं आणि हात थांबले. नवऱ्याला वाटलं असेल, एवढीशी भेग, होईल. त्याने सळई तापत ठेवली. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि टेकवली. हात उडाला. कथील शेजारच्या पायावर सांडलं, दोन पाय एक झाले. त्याच्या ते लक्षात आलं नाही, किंवा बघायची हिंमत झाली नाही. त्याने पाटी जागेवर बसवून बटण दाबलं. बल्ब भगभगून पेटला.

मावशी उठून उभी राहिली. "अरे मेस्तरी, हात बघ तुझा! दुपारचे येलेला घेतलास काय? आनि मी सगल्या भाडोत्र्यांना सांगतंय, यो मानूस चांगला!"

नवऱ्याने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्याच्या बापाने ढोसून घर मोडलं, म्हणून तो लग्नातसुद्धा सरबत घेताना वास घ्यायचा. आता त्याने फक्त बटण बंद केलं आणि खाली मान घालून बसला. मला कळलं, हा दारुडा म्हणवून घेईल, पण हात गेला हे सांगणार नाही.

मी कणकेच्या हातानेच बाहेर आले. म्हटलं, "मावशी, दारू नाही. आजार आहे. हाताला कंप आहे त्याच्या. हे काम दीड वर्ष मी करते. तुमच्या भाडेकरूंचे टीव्हीसुद्धा मीच केलेत."

"अगं, आत जा," नवरा म्हणाला.

मी गेले नाही. हात धुतले, पुसून कोरडे केले. त्याच्यापुढे हात धरला. त्याने सळई दिली नाही, टेबलावर ठेवली. मी ती उचलली.

मावशी म्हणाली, "तू? तुला काय येतंय गो?"

"बघा ना. त्यासाठीच बसलात."

टीव्ही बंद केला तरी आत करंट राहतो, तो आधी काढून टाकला. तांब्याच्या तारेची वेणी दाबून सांडलेलं कथील ओढून घेतलं. भेग होती तिथलं जुनं काढून नवं भरलं. मावशी इतकी जवळ वाकली होती की तिच्या तोंडातल्या मिश्रीचा वास येत होता. "पदर सांभाळा, जळेल," मी म्हटलं. या वेळी बल्ब एकदा चमकून मंद झाला. मग बल्ब काढून टीव्ही थेट लावला. काच चरचरली आणि चित्र आलं.

मावशीने आधी चित्राकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "असा होता त बोलायचा ना मेस्तरी. आजार हाय, चोरी थोडी हाय?" मग मला म्हणाली, "बाय, मी सांगनार हा सगल्यांना. मना काय पोटात ठेवता येत नाय."

तिने सांगितलं. चार-पाच गिऱ्हाइकं तुटली. एकाने तोंडावर विचारलं, बाईच्या हातात वीस किलोचा टीव्ही कसा द्यायचा. मी म्हटलं, उचलून दाखवू का? मावशीचे भाडेकरू मात्र येत राहिले.

नवरा माझ्याशी बोलेना. जेवायला बसायचा, उठून जायचा. एका रात्री एवढंच म्हणाला, "मावशी मला दारुडाच समजली असती तर काय बिघडलं असतं? लोक विसरले असते." दारुड्याकडे कोणी टीव्ही आणला नसता, हे त्यालाही कळत होतं. मी पाठ करून झोपले. मला अजून वाटतं, मी बोलले ते बरोबरच. त्याला शेवटपर्यंत तसं वाटलं नाही.

महिन्याभराने एक माणूस टीव्ही घेऊन आला. मी आत पडले होते, सकाळचे कपडे धुऊन कंबर धरली होती. त्याने विचारलं, "त्या बाई आहेत का, टीव्ही करतात त्या?"

टेबलावर टीव्ही ठेवल्याचा आवाज आला. मग नवऱ्याने विचारलं, "बटण दाबल्यावर लाल दिवा तरी लागतो का?"

"नाही."

"फटाका फुटल्यासारखा आवाज आला होता?"

"हो, काल आला."

"बसा," तो म्हणाला, आणि मग मला हाक मारली, "अगं, ये बाहेर."

मी उठले.