जाळीवरच्या पापड्या

२००४च्या हिवाळ्यात अमेरिकेत, कॅरीतल्या आमच्या घराचं हीटिंग सारखं बंद पडायला लागलं. मी मेकॅनिक बोलावला आणि ऑफिसातून लवकर घरी आलो. त्याने मशीन तपासलं, मग खोल्या बघत फिरला आणि मला हाक मारली.

पुण्याहून आलेल्या आईने स्वतःच्या आणि शेजारच्या दोन रिकाम्या खोल्यांत, जमिनीतून गरम हवा येते त्या प्रत्येक जाळीवर जुनी सुती साडी पसरून साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्या होत्या. बाहेर ऊन कुठलं? हवा कोंडली की मशीन तापायचं आणि आपोआप बंद व्हायचं. मेकॅनिकने साड्या उचलल्या, हीटिंग सुरू झालं. बिघडलं काहीच नव्हतं, तरी नव्वद डॉलर घेऊन तो गेला.

मी आईवर भडकलो. "कधीपासून चाललंय हे?"

"चार दिवस झाले. पण त्याने दुरुस्त काय केलं?"

"काही नाही! इथे नुसतं घरी येऊन बघायचेही पैसे पडतात."

पापड्या डब्यात भरत आई म्हणाली, "माझ्या खोलीत डोकावायला तुला तर काहीच पडलं नसतं."