पहिल्या पानावरचे साडू

कोल्हापूर जिल्ह्यातली सगळी जमीन उद्या विकून संपली, तरी आमच्या साडूंना जागेची चणचण भासणार नाही. कारण ते जिथं जागा घेतात तिथं ना सातबारा आहे, ना शेजारी, ना बांधावरून भांडण. साडू नावं घेतात. म्हणजे उखाण्यातली नव्हेत, इंटरनेटवरची. कुणी हायवेला दोन गुंठे धरून ठेवतो, तसं साडू 'तांबडापांढरा डॉट इन' धरून ठेवतात, 'गुळाचीढेप डॉट कॉम' धरून ठेवतात, आणि हे घेऊन करणार काय असं कुणी विचारलंच, तर गालातल्या गालात हसून म्हणतात, "पावणं, जागा रस्त्याला लागून हाय. पुढं बगा." तो रस्ता कुठला, हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि मी आयुष्यभर भूगोल शिकवला आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही राजारामपुरीत, ते कागलला. तिथं त्यांचं जळालेल्या पाण्याच्या मोटारी रिवायंड करून देण्याचं दुकान. तांब्याच्या तारेत अर्धं आयुष्य सुखात गेलं होतं. पण एके दिवशी एक शेतकरी जळकी मोटार गाडीत घालून त्यांच्याच दारात थांबला आणि मोबाइल पुढं धरून विचारू लागला, "हे दुकान कुटं आलं वो?" मोबाइलवर पत्ता होता दुसऱ्याच गावच्या दुकानाचा. साडूंनी त्याला चहा पाजला, रस्ता समजावून सांगितला, गाडी वळवून दिली, आणि मग दुकानाचं शटर ओढून घरी येऊन पडले. "माज्या दारात हुबा ऱ्हाऊन मला इचारतोय," एवढंच म्हणत होते. आक्कांनी, म्हणजे आमच्या मेव्हणीबाईंनी (हे नाव इतकं रुळलंय की साडूही त्यांना आक्कीच म्हणतात), मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवसापासून साडू नेटवर शोधलं की आपलं नाव वर कसं येईल, या एकाच विद्येच्या मागं लागले.

त्या शोधणाऱ्या यंत्राला ते नाव घेऊन बोलत नाहीत. 'सायेब' म्हणतात. सायबानं वर घेतलं, सायबानं खाली ढकललं, सायेब सध्या कुणावर तरी चिडून आहे. सकाळी चहा घेताना ते सायबाचा अंदाज घेतात, आणि शेजारीपाजारी पावसाचं विचारावं तसं "आज काय म्हणतोय?" असं त्यांना विचारतात. लग्नाच्या पंगतीत ते कधीही मधल्या रांगेत बसायचे नाहीत. वाढपी जिकडून सुरुवात करतो तिकडचं पहिलं ताट पकडणार आणि शेजारी मला ओढणार. "पहिल्या पानावर बसा, पावणं. जिलबी हितंच संपती." एकदा तर वाढप्यानं उलट्या टोकाकडून सुरुवात केली, तेव्हा साडू ताटासकट उठून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि नवरदेवाच्या आत्याबाईंना सरकवून बसले.

बारशाचा किस्सा तर आमच्या घराण्यात अजून सांगतात. माझ्या पुतणीच्या मुलाचं बारसं. पाळणा सजलेला, बायका गाण्याच्या तयारीत, आत्या बाळाच्या कानाशी वाकलेली. तेवढ्यात साडू मोबाइल घेऊन पुढं धावले. "थांबा, थांबा! मिळतंय का बगतो!" आत्या तशीच वाकून राहिली. ठरलेलं नाव जगात कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं निघालं. डॉट कॉम गेलेलं, डॉट इन गेलेलं. साडूंचा चेहरा पडला. मग उजळला. "रणधुरंधर मोकळं हाय!" आत्यानं मान न वळवता सांगितलं, "मग तुमच्या त्या डॉट कॉमलाच घाला पाळण्यात," आणि ठरलेलं नाव बाळाच्या कानात सांगून टाकलं. साडू रुसले नाहीत. त्यांनी रणधुरंधर घेऊन ठेवलं. मुलगा मोठा झाल्यावर मन बदलेल, अशी त्यांना खात्री आहे.

पण त्यांच्या सगळ्या जागांमध्ये एकच जागा अशी होती, जिच्यावर खरोखर घर उभं होतं. आक्का कांदा-लसणाची चटणी करतात. ती चटणी मी वर्णन करणार नाही. नुसता डबा उघडला की आमच्या जिन्यातले लोक दार किलकिलं करून कुणाकडे काय आहे ते बघतात. साडूंनी 'आक्काचीचटणी डॉट कॉम' घेतलं, त्यावर आक्कांचा मिरच्या निवडतानाचा फोटो टाकला, आणि मग ते लिंका गोळा करायला निघाले. लिंक म्हणजे काय, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "तुमच्या दारात परका मानूस आला, इचारला, चांगली चटणी कुटं मिळंल? तर तुमी बोट दावणार का न्हाई आमच्या घराकडं? ते बोट म्हंजे लिंक. जेवडी बोटं, तेवडा सायेब खूश." इतकी सोपी व्याख्या माझ्या भूगोलात एकही नव्हती.

आणि खरोखरच त्यांनी अख्ख्या जिल्ह्याची बोटं आक्कांच्या स्वयंपाकघराकडे वळवली. जोतिबाच्या डोंगरावर एका पेढेवाल्याला त्यांनी फुकट वेबसाइट करून दिली. तिच्यावर पेढ्यांच्या खाली ओळ होती, 'गोड खाल्ल्यावर तिखट हवंच, इथे पाहा.' कागलचे बँडवाले चाचा त्यांचे बालमित्र. त्यांच्या पानावर वरातीच्या फोटोंखाली 'जेवणाची लज्जत' म्हणून आक्कांची लिंक. राजारामपुरीत आमच्या गल्लीतल्या गणिताच्या क्लासचे सर एकदा चटणी खाऊन इतके विरघळले, की क्लासच्या वेबसाइटवर 'विद्यार्थ्यांसाठी उपयुक्त' या सदरात सरावाच्या प्रश्नपत्रिकांखाली चटणी आली. हळूहळू सायेब प्रसन्न झाला. पुण्याहून, नागपुराहून मागण्या येऊ लागल्या. आक्कांनी दोन बायका मदतीला घेतल्या आणि नवऱ्याकडे बघायची त्यांची नजर, तारा गुंडाळणाऱ्या माणसाकडे बघायची असते त्यापेक्षा थोडी वेगळी झाली.

मग ते घडलं. इंटरनेटवरचं नाव कायमचं आपलं नसतं. मुदत संपली की पुन्हा आपल्या नावावर करून घ्यावं लागतं. साडूंना आठवणीचे मेल आले होते, पण त्यांच्या मेलच्या पेटीत इतकी नावं, इतक्या मुदती आणि इतके सल्ले येत की त्यांनी ती पेटी उघडणंच सोडलं होतं. आणि नेमके त्या दिवसांत ते डोंगरावर एका नारळवाल्याला 'श्रीफळ डॉट कॉम'चं महत्त्व पटवत होते. रणधुरंधरची मुदत त्यांनी वाढवून घेतली होती. आक्कांची राहिली.

पहिला फोन पुण्याच्या एका आजींचा आला. आक्कांनी उचलला. आजी आधी बराच वेळ खोकल्या, मग म्हणाल्या, "अहो, चटणीचं बंद करून हे काय सुरू केलंत? वयाला शोभतं का?" आक्कांना काही कळेना. त्यांनी मोबाइलवर आपलं पान उघडलं. जिथं त्या मिरच्या निवडत बसलेल्या असायच्या, तिथं अपुऱ्या कपड्यांतली एक परदेशी बाई गरगर फिरणाऱ्या चक्रापाशी उभी राहून डोळा मारत होती. खाली पत्ते, फासे आणि 'नशीब आजमावा'. कुठल्याशा परदेशी जुगारवाल्यांनी ते नाव उचललं होतं.

मी बायकोसह कागलला पोचलो तेव्हा साडू बाहेरच्या सोप्यात भिंतीला टेकून बसले होते. मला वाटलं, आता रडतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर दुःख आणि अभिमान यांची विचित्र झटापट चालली होती. "पावणं, फालतू नाव कुणी उचलत न्हाई," ते हलक्या आवाजात म्हणाले. "नावाला वजन हुतं. एवडी बोटं हुती. परदेशातनं नजर लागली बगा आक्कीच्या चटणीवर." आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. अभिमान तिथंच मेला.

आक्कांनी भांडण केलं नाही. त्यांनी बोलणं बंद केलं आणि घरातली चटणी बंद केली. त्या घरात आमटी पिवळी झाली, रस्सा पांढरा झाला, भाकरीबरोबर लोणीसाखर आली. साडू ती खाली मान घालून खात. तिसऱ्या जेवणाला त्यांनी हात धुतला आणि स्कूटर काढली. "चला पावणं. बोटं परत वळवून आणू." नवं नाव त्यांनी घेतलंच होतं: 'आक्काचीचचटणी डॉट कॉम'. त्या जादा 'च'वर त्यांचा फार भरवसा होता.

मी मागं बसलो. जोतिबाच्या घाटात साडू वळणावळणाला मला नव्या नावाची जाहिरात ऐकवत होते आणि मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होतो. पेढेवाल्याला आपली वेबसाइट आहे हेच आठवत नव्हतं. "हाय व्हय माजी?" म्हणून त्यानं दुकानातल्या सगळ्यांना बोलावून ती दाखवली, आणि दुरुस्तीसाठी साडूंच्या हातात मोबाइल देऊन वर गुलालाचा टिळा लावला. चाचांनी तर ऐकताच सगळा बँड उभा केला. "तेरी चटनी का नाम गया? माज्या वैनीचं? वाजवा रे!" आणि लिंक बदलली जात असताना क्लॅरिनेटवर वरातीची धून वाजली. साडूंनी डोळे पुसले. गुलाल असेल.

अडलं ते आमच्या गल्लीत. क्लासच्या सरांकडे निघताना बघतो तो आक्का पदर खोचून रिक्षातून उतरलेल्या. कागलहून आल्या होत्या, एका शब्दानं न बोलता आमच्या मागून जिना चढल्या. सर भडकलेलेच होते. प्रश्नपत्रिका सोडवता सोडवता पोरांनी चटणीवर बोट ठेवलं होतं आणि चक्र फिरवत बसली होती. पालक क्लासवर येऊन गेले होते. "माझ्या क्लासची अब्रू गेली," सर ओरडले. "तुमच्यासारख्या बेजबाबदार माणसावर विश्वास ठेवला हीच चूक. अर्धवट माहितीवर उड्या मारता!" वर्गातली मुलं दाराशी जमली. साडूंनी चक्क दोन्ही हातांनी कान धरले. "चूक माजी हाय, सर. चटणीची न्हाई. आक्कीची न्हाई. तिच्या नावावर राग नका धरू."

सर पुन्हा तोंड उघडणार, तोच आक्का पुढं झाल्या. अबोला धरल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज मी ऐकला. "ओ सर. आमच्या मालकास्नी बोलायचं काम माजं हाय. मी बोलती. घरी गेल्यावर लई बोलणार हाय. तुमी कशाला माज्या वाटणीचं बोलायलाय?" आक्कांनी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. वर्गात शिंकांची लाट आली. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते चटणीमुळं की कशामुळं ते विचारण्याची ती वेळ नव्हती. त्यांनी मुकाट्यानं संगणक साडूंकडे वळवला.

जिना उतरताना साडू आनंदानं दोन-दोन पायऱ्या गाळत होते. "आक्के, बोललीस गं!" "अजून कुटं बोलले," आक्का म्हणाल्या. "घरी चला." पण त्या हसत होत्या, आणि त्या रात्री कागलला तांबडा रस्सा झाला म्हणे. नवं नाव काही महिन्यांत वर आलं. त्या दिवशी साडूंनी डोंगरावरून पेढे आणून माझ्या अख्ख्या बिल्डिंगला वाटले. नातू झाला का, असं विचारणाऱ्यांना ते "पहिल्या पानावर आलो!" एवढंच सांगत होते.

हल्ली मात्र काळ बदलला आहे. आता काहीही विचारलं की सायेब स्वतःच वर उत्तर लिहून देतो. कुणाच्या पानापर्यंत कुणी जातच नाही. साडूंना हे फार लागलं. "मानसं दारातनंच उत्तर घिऊन जात्यात, पावणं. आत येत न्हाईत, बसत न्हाईत," ते म्हणाले. चटणीला जुनी गिऱ्हाइकं फोनवरून सांगतात, त्यामुळं तिचं चाललं आहे. पण बेंगळुरूला त्यांच्या लेकीला बाळ झालं आणि आक्का-साडू तिकडं गेले ते तिथलेच झाले. दुकान कारागिराकडे आहे. चटणी तिकडूनच येते.

जाण्यापूर्वी ते घरी आले होते. मी नुकताच निवृत्त झालो होतो. त्यांनी मला शाल-नारळ दिला नाही. माझ्या नावाची एक वेबसाइट दिली. वर माझा लग्नातला फोटो, खाली कोरं पान. मी हसलो. "मला कोण शोधणार हो?" साडू गंभीर झाले. "कुणी शोधलंच, तर घरात असाया नको व्हय तुमी?" म्हणाले, आणि रोज कोण आलं, कुठून आलं, किती वेळ थांबलं, ते कसं बघायचं हेही शिकवून गेले.

मी बघतो. रोज सकाळी एकजण येतो. बेंगळुरूहून. दुसरं कुणी नाही. त्यानं कोऱ्या पानावरून परत जाऊ नये, म्हणून मी आता अंघोळ झाली की तिथं काहीबाही लिहून ठेवतो. गल्लीत खड्डा बुजवला. कोबी महागला. काल लिहिलं, 'आज रंकाळ्यावर धुकं होतं. पाणी दिसलं नाही.' एवढंच. वाचायला किती वेळ लागतो? पण तो माणूस त्या ओळीपाशी बराच वेळ थांबलेला दिसला.